पैशांचं टपाल : गाडीवर पगारातलं किती घालावं?

प्रश्न : मी तासवडे एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे, वय ३५. मला शिफ्ट असते. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची शाळा पाटणच्या बाजूला, घरापासून २६ किलोमीटरवर. सगळी कपात जाऊन दोघांचे मिळून महिन्याला ७८,००० हातात येतात. कराडच्या फ्लॅटचा हप्ता २१,००० आहे. घरात दोन मुलं आणि वडील. पत्नी एरवी स्कूटीवर जाते, पावसाळ्यात एसटी आणि पुढे वडाप (शेअर जीप). त्यात महिन्याला साडेतीन हजार जातात. आता चारचाकी घ्यायचं ठरवलंय. कोटेशन सोबत जोडलं आहे. ऑन-रोड १३ लाख ६० हजार. एफडी साडेतीन लाखांची आहे, ती मोडून २ लाख ६० हजार भरायचे आणि ११ लाखांचं कर्ज काढायचं. व्याज ९ टक्के, मुदत ७ वर्षं, हप्ता १७,६९८. शोरूमवाला म्हणतो, आरामात बसतंय. मेहुणा म्हणतो, उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या वर जाऊच नका. त्यानं मोबाईलवर २०-४-१० असा नियम पाहिलाय. नक्की किती टक्के धरायचे? — एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या मेहुण्यांपासून सुरुवात करते. २०-४-१० हा नियम अमेरिकेतून आलेला आहे. किमतीच्या २० टक्के रोख भरायचे, कर्ज ४ वर्षांच्या वर न्यायचं नाही आणि गाडीचा महिन्याचा खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांत ठेवायचा. ऐकायला झकास आहे. तुमचे १० टक्के म्हणजे ७,८००. ही सगळी रक्कम हप्त्यात घातली तरी ९ टक्के दरानं ४ वर्षांसाठी कर्ज मिळतं जेमतेम ३ लाख १३ हजार, आणि पेट्रोल कुठून घालायचं हे उरतंच. आपल्याकडे हा नियम शब्दशः पाळायचा म्हटलं तर निम्म्या कॉलन्यांतल्या गाड्या परत कराव्या लागतील. तेव्हा तो बाजूला ठेवू. पण मेहुण्यांना लगेच हसू नका, त्या नियमातली एक गोष्ट सोन्याची आहे. तिथे फक्त हप्ता मोजलेला नाही, गाडीचा सगळा खर्च मोजलाय.

शोरूमवाला म्हणतो ‘बसतंय’, आणि बँकेच्या दृष्टीनं ते बसतंयही. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत बँका चालवून घेतात. तुमचे दोन हप्ते मिळून ३८,६९८ होतात, म्हणजे ४९.६ टक्के. अगदी काठावर, पण पास. नोकरीतली बरीच वर्षं मी वाहनकर्जाच्या टेबलावर काढली आहेत. तुमची फाईल माझ्याकडे आली असती तर मीही सही केली असती. फक्त ती सही कशाची असते ते समजून घ्या. बँकेचे पैसे परत येतील, एवढंच ती सांगते. महिन्याच्या २२ तारखेला तुमच्या खात्यात काय उरेल, हे बघायचं काम बँकेचं नाही.

ते आपण बघू. २६ किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, महिन्याला २४ दिवस धरले तर सुमारे १,२५० किलोमीटर झाले. तुम्ही निवडलेली गाडी घाटवळणाच्या रस्त्याला लिटरला १५ च्या वर देईल असं मला वाटत नाही. म्हणजे ८३ लिटर. १०४ रुपयांनी ८,६०० च्या वर जातात, आणि यात रविवारी कुठे बाहेर जाणं धरलेलंच नाही. दुसऱ्या वर्षापासून विमा, महिन्याला २,००० बाजूला काढावे लागतील. सर्व्हिसिंग आणि टायर मिळून १,८००. वर्षाला १५,००० किलोमीटर पळणाऱ्या गाडीचे चारही टायर तीन-साडेतीन वर्षांत बदलावे लागतात, आणि तो खर्च नेमका मुलांच्या फीच्या महिन्यात येतो. पीयूसी, टोल, धुणं, पंक्चर यांचे सात-आठशे. बेरीज करा, ३१,००० च्या घरात जाते. १७,६९८ नव्हे.

आता हे ३१,००० कशातून काढायचे? ७८,००० मधून नाही. फ्लॅटचा हप्ता गेल्यावर तुमच्याकडे ५७,००० उरतात, तुमचं घर त्यावर चालतं. त्यातले निम्म्याहून जास्त एका गाडीला. वडापचे साडेतीन हजार वाचतील हे खरं, तरीही दोन मुलं, वडिलांची औषधं आणि किराणा यांना तीस हजारांच्या आतच राहतात. ओढाताण होईल हे सांगायला बँकेतली बाई कशाला हवी?

माझं माप विचाराल तर ते असं आहे : घराचा हप्ता किंवा भाडं वजा करून जे उरतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत गाडीचा सगळा खर्च बसला पाहिजे, पेट्रोल आणि विम्यासकट. तुमच्यासाठी तो आकडा १९,००० येतो. हा काही रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. टेबलापलीकडे बसलेल्यांचे हप्ते कुठे थकायला लागतात ते बघून मी धरलेला अंदाज आहे.

कोटेशनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथेच पैसे आहेत. एक्स-शोरूम ११ लाख २० हजार. त्यावर आरटीओचा १२ टक्के कर, १,३४,४००. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यावर २० लाखांपर्यंत १२ टक्के लागतात, त्यामुळे हा आकडा बरोबर आहे. टीसीएस, म्हणजे विक्रेता गोळा करून सरकारकडे भरतो तो आयकर, ११,२००, हाही बरोबर. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का कापतात आणि रिटर्न भरताना तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. बिलावर ज्यांचं नाव, त्यांच्याच पॅनवर तो दिसतो, हे विसरू नका. विमा ४६,०००. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं आणि नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो. पण उरलेल्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, भागात शोरूमचं कमिशन असतं. विमा त्यांच्याकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशनं आणून काऊंटरवर ठेवा, आवाज लगेच खाली येतो. ॲक्सेसरीज २२,५००. सीट कव्हर, मॅटिंग आणि मडफ्लॅपचे हे पैसे. कराडच्या बाजारात बऱ्याच कमीत काम होतं. एक्स्टेंडेड वॉरंटी १८,५००. ही पहिल्याच दिवशी घ्यायची घाई नसते, कंपनीची मूळ वॉरंटी चालू असताना नंतरही घेता येते. शेवटी ‘हँडलिंग चार्जेस ७,४००’. हे कशाचे, असं फक्त विचारा. मोठ्यानं विचारलंत तर बहुतेक वेळा निघतात.

आणि ती ७ वर्षं. ग्राहकाचा चेहरा पडला की सेल्समन किंमत कमी करत नाही, वर्षं वाढवतो. हेच ११ लाख ५ वर्षांत फेडले तर हप्ता २२,८३४ येतो आणि व्याज २ लाख ७० हजार जातं. ७ वर्षांना व्याज ३ लाख ८६ हजार. पण मला व्याजापेक्षा दुसरी भीती आहे. ३ वर्षं नियमानं हप्ते भरलेत तरी तुमच्यावर ७ लाख ११ हजार बाकी असतील. चौथ्या वर्षाच्या पॉलिसीत गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ४० टक्के घसारा धरून लावतात, ती येते ६ लाख ७२ हजारांच्या आसपास. त्या वर्षाच्या सुरुवातीला गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार गेली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही तुम्ही देणेकरीच राहता, दारात गाडी नाही ती नाहीच. पाच वर्षांत फिटत नसेल ती गाडी आपली नाही, असं मी सरळ म्हणते.

पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही. ही गाडी चालवणार कोण? तुमची पहिली पाळी असेल तेव्हा तुम्ही पत्नीला शाळेत सोडणार कसं आणि आणणार कसं? वहिनींना चारचाकी येत असेल तर प्रश्न मिटला. येत नसेल तर आधी त्यांना ड्रायव्हिंग स्कूलला घाला, लायसन्स हातात येऊ द्या, मग शोरूमची पायरी चढा. नाहीतर पावसात वहिनी वडापमध्ये आणि गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून, असं होईल. शिवाय जिल्हा परिषदेच्या बदल्या तुम्हाला मी काय सांगायच्या! उद्या शाळा घराजवळ आली तर ज्या २६ किलोमीटरसाठी एवढं चाललंय, ते संपलं. हप्ता मात्र तेवढाच.

मी तुमच्या जागी असते तर छोटी हॅचबॅक घेतली असती, सीएनजीवाली, ऑन-रोड ७ लाखांच्या आसपास. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे. तेच २ लाख ६० हजार भरा, ४ लाख ४० हजारांचं कर्ज ५ वर्षांसाठी घ्या, हप्ता ९,१३४. सीएनजीचा खर्च तुम्ही पाहिलेल्या गाडीच्या पेट्रोलच्या साधारण निम्मा धरा, साडेचार हजार. विमा, सर्व्हिसिंग मिळून अडीच हजार. सगळे मिळून सोळा हजारांच्या थोडे वर, म्हणजे १९,००० च्या आत. डिकी सिलिंडरनं भरते, सामान मावत नाही आणि पंपावर रांगेत उभं राहावं लागतं, हे आधीच सांगून ठेवते. त्या वाटेवर वहिनींच्या शाळेतले आणखी दोघं-तिघं असतील तर आळीपाळीनं एकमेकांच्या गाड्यांनी जा, आपल्याकडचे शिक्षक तसे जातातच. फक्त भाडं म्हणून पैसे गोळा करू नका. खासगी गाडी भाड्यानं चालवली असं दिसलं की विमा कंपनी क्लेमला हात आखडता घेते.

एफडीतून भरल्यावर ९०,००० उरतात, त्यांना हात लावू नका. वडील घरात आहेत. हप्त्याची तारीख ठरवताना वहिनींचा पगार खरोखर किती तारखेला जमा होतो ते पासबुकात बघा. पाच तारखेचा हप्ता आणि बारा तारखेचा पगार हे गणित चेक परतीच्या दंडात जातं आणि सिबिल बिघडतं. आणि शोरूमला फोन करण्याआधी सहा महिने दर महिन्याला १२,५०० ची आवर्ती ठेव सुरू करा. वडापचे वाचणारे धरले तर गाडीनं वाढणारा खर्च एवढाच असणार आहे. ठेव मोडायची वेळ आली नाही तर गाडी परवडते. ती रक्कम कर्जही तेवढं कमी करेल.

प्रश्न : मी ६१ वर्षांची, नुकतीच निवृत्त झाले. यजमानही निवृत्त आहेत, रात्री गाडी चालवणं त्यांना झेपत नाही. ग्रॅच्युइटीतून ८ लाखांची गाडी रोखीनं घ्यावी का? कर्ज नको. वर्षातून तीनदा संगमेश्वरला गावी जातो, बाकी देवळात आणि डॉक्टरकडे. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, कर्ज नसलं तरी गाडी फुकट पडत नाही. हेच ८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत तर सध्याच्या ८.२ टक्के दरानं वर्षाला ६५,६०० व्याज येतं, महिन्याला साडेपाच हजारांच्या जवळपास. त्यात विमा आणि सर्व्हिसिंग मिळवलं की गाडी सोसायटीत नुसती उभी राहिली तरी महिन्याला सात हजारांच्या वर जातात. वर बॅटरी उतरते ती वेगळीच. डोंबिवलीत एवढ्या पैशांत देऊळ आणि डॉक्टर रिक्षानं होऊन कितीतरी उरतील.

तरीही हौस असेल, मुलांचं सगळं मार्गी लागलेलं असेल आणि हे ८ लाख गेल्यानं महिन्याच्या खर्चाला धक्का लागत नसेल, तर घ्या बिनधास्त. आयुष्यभर लोकलला लोंबकळलेल्या माणसाला हिशेब दाखवून गप्प बसवायचं मला जमत नाही. फक्त ऑटोमॅटिक घ्या आणि यजमानांचे डोळे आधी तपासून घ्या. नाही घेतलीत तर गावी जाताना ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी सांगा. एरवी ती दोन दिवसांतही मिळते, गणपतीत मात्र महिनाभर आधी आगाऊ पैसे देऊन ठेवा.