बायको जर्मन, मी भारतीय पासपोर्टवाला: उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंड बारा दिवसांत निवांत कसं बघावं?

तुमच्या यादीत यॉर्क, लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरो, लॉक नेस, स्काय आणि ग्लेन्को आहे. म्युनिकहून निघणार, सप्टेंबर महिना, आणि अट एकच की धावपळ नको. मग लेक डिस्ट्रिक्ट, लॉक नेस आणि स्काय आत्ताच खोडा. लेक डिस्ट्रिक्ट पश्चिमेकडच्या अंगाला आहे, तुमचा मार्ग पूर्व किनाऱ्याने जातो. लॉक नेस म्हणजे लांबट पाणी. स्काय बेट सुंदरच आहे, पण तिथे निदान तीन रात्री आणि मोटारगाडी हवी. दोन रात्रींत जाऊन आलात तर आठवण फक्त रस्त्याची राहते. उरलेलं बहुतेक सगळं रेल्वेने होतं.

आधी कागदपत्रं, कारण दोघांचे नियम वेगळे आहेत. तुमचं जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड किंवा शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज जर्मनीतूनच करता येतो, प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी, आणि निकालाला साधारण तीन आठवडे धरा. तोवर परत न मिळणारं बुकिंग करू नका. बायकोला व्हिसा नको, पण २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय नागरिकांना ईटीए ही ऑनलाइन परवानगी सक्तीची आहे. ती सरकारी अ‍ॅपवरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स त्यासाठी भरमसाट जादा पैसे लावतात. आणि तिला पासपोर्टच न्यायला सांगा. जर्मन लोकांना युरोपभर ओळखपत्रावर फिरायची सवय असते, ब्रिटनने ते पर्यटकांसाठी ऑक्टोबर २०२१ पासून बंद केलंय. विमानतळावर ती ई-गेटमधून पटकन बाहेर पडेल आणि तुम्ही रांगेत उभे राहाल. एकत्र जायचं असेल तर तिने तुमच्याबरोबर काउंटरच्या रांगेत उभं राहावं.

जाताना मँचेस्टरला उतरा, येताना एडिनबरोहून उडा. एकाच विमानतळावर परत यायचं ठरवलं की एक अख्खा दिवस वाया जातो. मँचेस्टर विमानतळावरून यॉर्कला थेट रेल्वेगाडी आहे, दोनेक तास.

मुक्काम असे: यॉर्क तीन रात्री, स्कॉटलंडच्या सीमेजवळचं बेरिक-अपॉन-ट्वीड दोन, एडिनबरो तीन, ग्लेन्कोजवळचं फोर्ट विल्यम तीन.

रेल्वेसाठी टू टुगेदर रेलकार्ड घ्या. ३५ पौंडांचं हे कार्ड दोन ठरावीक माणसांच्या नावावर निघतं आणि दोघांच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. एवढ्या प्रवासात ते सहज वसूल होतं. मात्र दोघांनी एकत्रच प्रवास करायला हवा, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. तिकिटं साधारण बारा आठवडे आधी उघडतात. 'अ‍ॅडव्हान्स' तिकीट स्वस्त असतं पण त्याच गाडीला बांधलेलं. ती चुकली तर तिकीट गेलं. निवांत सहलीत सकाळी अकराच्या सुमाराची गाडी धरा, म्हणजे नाश्ताही होतो आणि सूटही.

यॉर्कला शहराच्या कोटावरून चालत फिरा, सुमारे साडेतीन किलोमीटर. नॅशनल रेल्वे म्युझियमला तिकीट नाही. तिथलं मॅलार्ड इंजिन ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल धावलं आणि आधीचा जर्मन इंजिनाचा विक्रम मोडला. बायकोसमोर फार गाजवू नका.

यॉर्कहून बेरिकला जाताना उजवीकडची खिडकी घ्या. न्यूकॅसलनंतर समुद्र त्याच बाजूला आहे. स्टेशनच्या जरा आधी ट्वीड नदीवरचा २८ कमानींचा पूल लागतो. बेरिकला दोन रात्री ठेवल्यात त्या होली आयलंडसाठी. या बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीत बुडतो. सुरक्षित वेळा नॉर्थंबरलंड काउंटी कौन्सिल जाहीर करते. आधी त्या बघा आणि मग कुठल्या दिवशी जायचं ते ठरवा. बेरिकहून जाणारी ४७७ नंबरची बस भरतीप्रमाणे वेळ बदलते आणि रोज नसते, म्हणून टॅक्सीवाल्याचा नंबर आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. पाणी रस्त्यावर यायला लागलेलं दिसलं आणि 'निघून जाऊ पटकन' असं वाटलं, तर जाऊ नका. तिथे गाड्या बुडतात त्या याच हिशेबाने.

एडिनबरोबद्दल माहिती भरपूर मिळेल, एवढंच सांगतो की तिथला फेस्टिव्हल ऑगस्टात असतो. सप्टेंबर निवडलात ते बरं केलंत, खोल्यांचे भाव जरा माणसात येतात.

सहलीचा खरा गाभा म्हणजे ग्लासगो क्वीन स्ट्रीटवरून फोर्ट विल्यमला जाणारी लाइन, पावणेचार तासांच्या आसपास. एडिनबरोहून आधी ग्लासगोला यायचं. दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, म्हणून जागा आरक्षित करा. गाडी बऱ्याचदा क्रिअनलारिकला फुटते: काही डबे ओबनला, काही फोर्ट विल्यमला. चुकीच्या डब्यात झोप लागली तर समुद्र दिसेल, पण दुसराच. चढताना डब्यावरचं नाव वाचा. पुढे रॅनॉक मूर ही दलदल येते. तळ सापडेना म्हणून रूळ फांद्या, मुळं आणि मातीच्या गादीवर टाकलेत. मग कॉरर स्टेशन, जिथे सार्वजनिक रस्ताच पोचत नाही.

फोर्ट विल्यमहून त्याच लाइनने पुढे मॅलेग या बंदराच्या गावी जाताना डावीकडे बसा. ग्लेनफिनन पूल २१ कमानींचा आहे आणि वळणावर आहे, त्यामुळे खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. वाफेच्या इंजिनाची पर्यटक गाडी याच रुळांवरून जाते, तिकीट बरंच महाग. साध्या गाडीतून तेच दिसतं. ग्लेन्कोला फोर्ट विल्यमहून ग्लासगोकडे जाणाऱ्या बसने जा.

तुम्ही शाकाहारी, ती सगळं खाणारी. हॅगिस हा मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ, तरी तो दोघांना चालेल. डाळी, ओट्स आणि बीन्सचं शाकाहारी हॅगिस सर्रास मिळतं. डोंगराकडच्या गावांत स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, जर्मनीपेक्षाही लवकर, म्हणून सातचं टेबल आधी सांगून ठेवा. छत्री घरी ठेवा, वाऱ्यात ती उलटते. टोपीचं पावसाळी जाकीट हवं. आणि मिजेस नावाची चिलटं सप्टेंबरात कमी झाली तरी गेलेली नसतात. वारा पडला, हवा दमट, संध्याकाळ झाली की ती निघतात. त्या वेळी तळ्याकाठच्या बाकावर रोमान्स नको, खोलीत चहा करा.