नवी शिराज चाखताना घाई करू नका

नाशिकची शिराज ही रेड वाईन पहिल्याच घोटाला तुरट लागली म्हणून वाईन खराब आहे असं ठरवू नका प्लीज. आधी बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष बघा, आपल्याकडे द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे वर्ष-दोन वर्षांचीच असेल तर टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, अंगावर येणारच, ते द्राक्षाच्या सालीतून न् बियांतून येतं, जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना तसं.

दुसरं म्हणजे तापमान. रूम टेम्परेचर म्हणजे आपल्या मे महिन्यातलं नव्हे! १६ ते १८ डिग्री हवं, त्यामुळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर नाकात नुसतं अल्कोहोल घुसतं आणि फळाचा वास कळतच नाही.

ग्लास एक तृतीयांशच भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरा, कडा जांभळट दिसली तर वाईन तरुण, विटकरी झाली तर वय झालंय. वास आधी न हलवता घ्या, मग फिरवून. काळी मिरी जाणवली तर तो भास नाही हां, रोटंडोन नावाचं तेच द्रव्य मिरीतही असतं.

घोट तोंडात सगळीकडे फिरवा आणि एवढंच बघा की तुरटपणा, आंबटपणा, फळ यातलं एकच कुणी दादागिरी करतंय का, आणि गिळल्यावर चव किती वेळ राहते. माझ्या मते इथंच खरी परीक्षा आहे, रंगाला लोक उगाच भाव देतात. मग मटणासोबत परत चाखा, प्रोटीनमुळे तेच टॅनिन मऊ लागतं. थोडी बूच लावून ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागली तर तसलीच अजून एक घेऊन दोनेक वर्षं आडवी ठेवायला हरकत नाही.