प्रवाळाचं तोंड कुठे असतं?

प्रिय मैत्रिणी,
अनेक आशीर्वाद.

बालवाडीतल्या मुलांसोबत प्रवाळांवरचं चित्रपुस्तक वाचायचं ठरवलंयस. हातात पुस्तक घेतलंस की आधी एकच पान शोध, प्रवाळाचं तोंड दिसणारं. ते नसेल तर दुसरं पुस्तक बघ. पुष्कळ पुस्तकांत प्रवाळ म्हणजे नाटकाचा मागचा पडदा असतो. पुढे मासे पोहतात, कासव येऊन जातं आणि ज्याच्या जिवावर हे गाव वसलंय तो जीव मात्र रंगीत नक्षी होऊन मागे पडतो. अशा पुस्तकातून मुलं मासे शिकतात, प्रवाळ नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाचा हिशेब सरळ असतो: हलतं, खातं ते जिवंत. प्रवाळ हलताना दिसत नाही म्हणून ते त्याला दगड म्हणेल, फांद्या दिसल्या तर झाड म्हणेल. त्यावर ‘चूक’ म्हणू नकोस. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले निसर्गअभ्यासकही प्रवाळाला वनस्पतीच समजत होते. १७२०च्या दशकात झां-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्यांनी तो प्राणी असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचंही लगेच कुणी ऐकलं नाही. तू फक्त विचार, ‘झाडाला तोंड असतं का?’ आणि ते पान उघड.

एका वेळी सहा ते आठ मुलं पुरेत. पंचवीस जणांसमोर पुस्तक फिरवलंस तर मागच्यांना फक्त तुझा हात दिसेल. अर्धगोलात बसव, पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धर आणि खिडकी तुझ्या पाठीशी येऊ देऊ नकोस, नाहीतर मुलांचे डोळे उजेडाने दिपतील आणि पान काळं दिसेल. एक बैठक दहा-बारा मिनिटांची. तेच पुस्तक चार वेळा, एक दिवसाआड. पहिल्या दिवशी मजकूर वाचूच नकोस, नुसती चित्रं बघा.

सहवाचनाची रीत जुनीच आहे, पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये ती नीट तपासून मांडली. सार एवढंच की गोष्ट हळूहळू मुलाने सांगायची आणि मोठ्याने ऐकायची. विचारायचं, थांबायचं, मुलाच्या उत्तरात एक-दोन शब्दांची भर घालायची आणि ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा वदवायचं. मूल म्हणालं, ‘फूल’. तू म्हण, ‘हो, फुलासारखं दिसतंय, आणि या फुलाला मधोमध तोंड आहे.’ बिघडतं ते थांबण्यात. प्रश्न विचारून आपण दुसऱ्याच सेकंदाला उत्तर देऊन मोकळे होतो. मनात पाच आकडे मोज. आणि ‘हे काय आहे?’ हा प्रश्न दर पानावर नको, त्याची लगेच परीक्षा होते.

दुसऱ्या बैठकीला प्रत्येकाला एक वाटी दे. वाटीत मूठ ठेवायची. मूठ म्हणजे पॉलिप, प्रवाळाचा एकेक जीव; वाटी म्हणजे त्याने स्वतःभोवती बांधलेलं चुन्याचं घर. बरेच प्रवाळ दिवसा अंग आखडून असतात आणि रात्री बोटं पसरून खाणं पकडतात. तेव्हा दिवा बंद झाला की बोटं उघडायची, तळहात म्हणजे तोंड. प्रत्येकाच्या तळहातावर तू स्वतः फिरून तीन-चार चुरमुरे टाक. मधोमध उधळलेस तर झोंबाझोंबी होईल आणि प्रवाळ राहील बाजूला. मग विचार, ‘याला तोंड एकच, मग शी कुठून करत असेल?’ त्याच तोंडातून. दोन मिनिटं हसू दे. हे कुणी विसरत नाही.

नंतर एका वाटीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी अशा वाट्या रच. मूठ कायम सगळ्यांत वरच्या वाटीत. पॉलिप आपल्याखाली नवा तळ घालत वर सरकत जातो, म्हणून प्रवाळ वाढतो आणि खालचा भाग नुसता सांगाडा उरतो. अशाच सांगाड्यांचे समुद्रात खडक होतात. वाढीचा वेग सांगायला बोटाचं नख वापर. गोल, दगडासारख्या दिसणाऱ्या प्रवाळांची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी; आपलं नख त्याच काळात तीन-चार सेंटिमीटर वाढतं. फांद्यांचे प्रवाळ मात्र वर्षाला दहा सेंटिमीटरही वाढू शकतात.

चित्रांतला सगळ्यांत मोठा घोटाळा आकाराचा. पानावरचा पॉलिप ताटाएवढा असतो, म्हणून मुलांना तो माशापेक्षा मोठा वाटतो. मोहरीचे चार आणि मसुरीचे चार दाणे चित्रावर ठेवून सांग, खडक बांधणारे बहुतेक पॉलिप एवढेएवढेसे.

‘प्रवाळ लाल असतो’ हे कुणीतरी म्हणेलच, कारण घरात मोठ्यांच्या अंगठीत पोवळं असतं. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचं, आणि ती जात खडक बांधत नाही. खडक बांधणारे प्रवाळ बरेचसे तपकिरी, पिवळट, हिरवट असतात. पुस्तकातला झगझगीत गुलाबी पाहून नाराज होऊ नकोस, पण शेजारी एक खरा फोटो ठेव. पुढची गोष्ट या तपकिरी रंगावरच उभी आहे.

तो रंग पॉलिपच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा. शेवाळ मुलांनी हौदात पाहिलेलं असतं, ‘घसरायला होतं’ एवढीच त्याची ओळख. इथे ते भाडेकरू आहे आणि भाडं म्हणून जेवण देतं. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून बराचसा भाग घरमालकाला. म्हणूनच हे प्रवाळ उजेड पोचतो अशा उथळ, स्वच्छ पाण्यात वाढतात.

तिसऱ्या बैठकीसाठी पांढऱ्या पुठ्ठ्याची प्रवाळाच्या आकाराची कापणी कर. हा सांगाडा. त्यावर पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे अंग. प्लास्टिकवर तीसेक तपकिरी टिकल्या, म्हणजे शेवाळ. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनीच जास्त, पण कित्येक आठवडे तापला की प्रवाळ शेवाळ बाहेर टाकतो. मुलांना एकेक टिकली काढू दे. खालचा पांढरा दिसायला लागतो. आता प्लास्टिकवर बोट फिरवायला सांग: अंग तिथंच आहे, फक्त उपाशी आहे. पांढरा पडला म्हणजे मेला असं नव्हे; पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येऊ शकतं, बराच काळ निवलं नाही तर तो मरतो. टिकल्या परत लावायला मुलांनाच सांग. या वयाला याच्या पुढे जाऊ नकोस. ‘सगळे प्रवाळ संपणार’ ऐकून पाच वर्षांचं मूल घाबरतं, आणि त्या भीतीचं काय करायचं ते त्याला कळत नाही.

अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाकून ‘समुद्र असा आम्ल होतोय’ दाखवायचा मोह टाळ. व्हिनेगर समुद्रापेक्षा कितीतरी जहाल. मुलं घरी जाऊन समुद्रात आंबट पाणी आहे असं सांगतील. टरफल आणि शिंपले नुसते हातात दे, घर याच पदार्थाचं आहे म्हणून. फळ्याचा खडू नको, तो बहुधा जिप्समचा असतो.

कुणाच्या शोकेसमधला खरा प्रवाळही मागून आणू नकोस. खडक बांधणारे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. शिवाय वर्गात फिरलेला तुकडा मुलांना एवढंच शिकवतो की हे उचलून आणायचं असतं.

नकाशा दाखव, पण लहानसा. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपासच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथेही आहेत. लक्षद्वीपची बेटं तर प्रवाळांवरच उभी आहेत. ज्यांनी समुद्रच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी तीन ठिपके पुष्कळ झाले.

चौथ्या बैठकीला पुस्तक मुलाच्या हातात दे आणि तू अर्धगोलात बस. मजकूर चुकेल, पानं उलटसुलट होतील. मध्ये बोलू नकोस. फार तर ‘मग?’ एवढंच. ‘दगड’ हा शब्द पुन्हा आला तर तोंड दिसणारं पान काढून दे. नंतर पुस्तक कपाटात बंद करू नकोस, मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर मुखपृष्ठ पुढे करून ठेव. पुठ्ठ्याचा प्रवाळही सोबत राहू दे आणि टिकल्यांचं एक जादा पाकीट आणून ठेव, कारण चार-पाच वेळा काढल्या-लावल्या की त्यांचा डिंक जातो.