टीव्ही फोडलास, ठीक. पण मागे काय होतं?

प्रिय,

व्हिडिओ तीनदा पाहिला. हातोडा काचेवर बसतो तो क्षण तू तीन कोनांतून, स्लो मोशनमध्ये दाखवलायस. माझी नजर मात्र कडेला दिसणाऱ्या तुझ्या चपलांवरच. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते, काच कुठेही उडते. पुढच्या वेळी बूट आणि चष्मा. हा पहिला सल्ला, बाकीचे नाही ऐकलेस तरी चालतील.

सोबत 'मेट्झगरला सलाम' असं लिहिलंयस, म्हणून थोडं लांबवतो. गुस्ताव मेट्झगर म्हणजे नष्ट होणं हीच कला मानणारा कलाकार, 1926 साली जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गमध्ये ज्यू घरात जन्मला. 1939 मध्ये भावासोबत इंग्लंडला पाठवला गेला म्हणून वाचला. आईवडील नाझींनी मारले. जुलै 1961 मध्ये लंडनच्या साउथ बँकवर त्याने नायलॉनचे पडदे ताणले आणि तोंडावर गॅस मास्क चढवून त्यांच्यावर ॲसिड फवारलं. धडाम नाही, किंकाळी नाही. ॲसिड लागलेलं कापड काही सेकंदांत विरघळायचं, आणि पडलेल्या भोकांतून पलीकडे सेंट पॉल्स कॅथेड्रल दिसायचं. 1940 च्या बॉम्बवर्षावातून वाचलेलं तेच कॅथेड्रल. ते फोटो शोध आणि कापडाकडे नको, भोकांकडे बघ.

तुझ्या टीव्हीमागे पांढरी भिंत होती.

याच मेट्झगरचं व्याख्यान लंडनमधल्या ईलिंगच्या कला महाविद्यालयात पीट टाउनशेंडने ऐकलं होतं, 'द हू' या रॉक बँडचा गिटारवादक. पुढे 1964 मध्ये लंडनजवळच्या एका पबमध्ये वाजवताना त्याची गिटार बुटक्या छताला लागून मोडली, तशी त्याने ती पुरतीच फोडली. झालं! नंतर लोक गिटार कधी फुटते याचीच वाट बघायला लागले. एकदा घडलेली गोष्ट रोज रात्री करून दाखवायची म्हणजे मग ती नोकरीच की रे. तुझ्या व्हिडिओखाली 'आता फ्रिज!' म्हणणारे आलेच आहेत. त्यांचं ऐकू नकोस.

स्विस शिल्पकार झाँ टिंगेलीचं यंत्र तुला आवडेल. मार्च 1960, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमचं अंगण, भंगारातून जोडलेलं, स्वतःच स्वतःला मोडणारं धूड. ठरल्याप्रमाणे फारसं काही झालंच नाही, शेवटी अग्निशमनवाल्यांनी मध्ये पडून आग विझवली. मला त्यातली फजितीच सगळ्यात भावते. तू तर बिघडलेला प्रत्येक शॉट कापून टाकलायस.

आणि हो, 'गोजिरा' बघ, म्हणजे राक्षसी 'गॉडझिला'चा 1954 चा मूळ जपानी सिनेमा. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने चाचणीसाठी फोडलेल्या हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. नोव्हेंबरमध्ये हा सिनेमा आला. टोकियो पायाखाली तुडवलं जातं ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. तू त्यानंतरचं हॉस्पिटल बघ. जमिनीवर ओळीने जखमी, आणि एका लहान पोरासमोर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरलेलं. राक्षस त्या दृश्यात कुठेच नाही.

काचा अजून टाकल्या नसशील तर रविवारी घेऊन ये. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, हातमोजे घालून भर. आणि तो टीव्ही कुणाच्या घरचा होता, त्यावर कोण काय बघायचं, ते येताना विचारून ये.

तुझा,
सर