गॅरेजच्या कोब्यावर सांडलेलं पेट्रोल आणि ऑइल कसं काढायचं? ॲसिड मारलं तर चालेल का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात टू-व्हीलरचं गॅरेज, खाली सिमेंटचा कोबा, रोज थोडं पेट्रोल आणि ऑइल सांडतं, पाऊस लागला की फरशी निसरडी होते, आणि शेजारच्यांनी सांगितलंय की फरशीचं ॲसिड मारा, पांढरं होईल. तुमच्या प्रश्नाचा सारांश हा असेल तर ॲसिडचं आधी मिटवतो: मारू नका. ॲसिडने तेल विरघळत नाही. ते कोब्यातला सिमेंटचा वरचा थर खातं, म्हणून दोन दिवस फरशी पांढरी दिसते. खालची वाळू उघडी पडते, छिद्रं वाढतात आणि पुढच्या वेळी सांडलेलं ऑइल आणखी खोल जातं. शहाबादी फरशी असेल तर नुकसान जास्त, कारण तो चुनखडीचाच दगड आहे. आणि ॲसिड नि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, बंद शटरच्या आत तो जिवावर बेततो.

पेट्रोल आणि ऑइल ही दोन वेगळी कामं आहेत. ऑइल घसरवतं, पेट्रोल पेटतं.

पेट्रोल सांडलं की आधी शटर पूर्ण वर करा आणि सगळ्यांना बाहेर काढा. पंखा, कॉम्प्रेसर, ग्राइंडर जिथे आहे तिथेच राहू द्या. चालू करू नका आणि जवळच्या बटणाने बंदही करू नका, कारण बटणातली ठिणगी दोन्ही वेळा पडते. मेन स्विच बाहेर असेल तर तिथून वीज तोडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर न जाता फरशीलगत सरकते आणि गाडीखालच्या पिटमध्ये किंवा गटाराच्या जाळीत जाऊन बसते. त्यामुळे वास कमी झाला म्हणून धोका गेला असं धरू नका. वर वास नसला तरी पिटमध्ये वाफ असते. आता सांडलेल्याच्या कडेने कोरड्या वाळूचा बांध घाला आणि मग आतलं झाका. वाळू कमी शोषते, एक लिटरला निदान अर्धं घमेलं लागतं. पेट्रोलसाठी लाकडाचा भुसा नको, भिजलेला भुसा म्हणजे तयार सरपण. गोळा करताना लोखंडी फावडं कोब्यावर घासू नका, प्लास्टिकची सुपली चालते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा उघड्यावर, ठिणगीपासून लांब ठेवा. पाण्याचा पाइप सोडला तर पेट्रोल पाण्यावर तरंगत गटारापर्यंत जातं. कॉम्प्रेसरची हवा मारली तर त्याचे बारीक थेंब हवेत उडतात, हे सगळ्यात वाईट. आग विझवायला पाणी नको. ६ किलोचं एबीसी पावडरचं सिलिंडर दाराजवळ टांगा, पेट्रोलच्या कॅनशेजारी नको.

ऑइलला भुसा उत्तम. वखारीतून आणा, कोरडा आणि चाळलेला. एक लिटर ऑइलला साधारण अर्धं घमेलं पुरतं. बाहेरून आत टाका, नाहीतर ऑइल पसरतं. टाकून लगेच झाडू नका. बुटाने किंवा लाकडी फळीने दाबून चोळा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, खराट्याने काढा आणि पातळ दुसरा थर टाका. दुसऱ्या थराला मोल आहे, कारण पाय घसरतो तो पहिल्यानंतर उरलेल्या पातळ पापुद्र्यावर. गुऱ्हाळाचं चिपाडही चालतं, पण लांब तंतू शोषत नाहीत, बारीक भुगाच घ्या आणि ओला असेल तर सोडून द्या. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली काळी वाळू फुकट मिळते. तिच्यातल्या बेंटोनाइट मातीमुळे शोषते छान, पण कोळशाच्या भुकटीने कोबा काळा होतो आणि सिलिकाची धूळ छातीत जाते. फुकट असली तरी मी ती सुचवणार नाही. सिमेंट टाकायची सवयही अनेकांना आहे. ओल लागली की ते जागीच घट्ट होतं आणि उंचवटे राहतात, त्यावर स्टँड डगमगतो.

जुन्या डागांना वेळ द्यावा लागतो. आधी ग्रीस आणि धुळीचा साचलेला थर पटाशीने कोरडाच खरवडून काढा. मग एक लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) आणि चमचाभर डिटर्जंट पावडर घाला, डागावर ओता, पंधरा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका आणि ताठ ब्रशने घासा. रबरी हातमोजे घाला. कॉस्टिक सोडा लवकर काम करतो खरा, पण कातडी जाळतो आणि इंजिनचं ॲल्युमिनियमचं क्रँककेस जवळ पडलेलं असेल तर तेही खातो. तरी डाग राहिला, तर मुलतानी माती याच सोड्याच्या पाण्यात थापता येईल इतकी घट्ट कालवा, एक सेंटिमीटर जाडीने थापा, प्लास्टिकने दिवसभर झाका आणि मग प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्या. माती वाळताना तेल वर ओढलं जातं. खरवडा, गरज पडली तर पुन्हा थापा. जुना काळपटपणा पूर्ण जाईलच असं नाही, आणि गॅरेजमध्ये तो जायला हवा असंही नाही. फरशी धुऊन वाळल्यावर पाण्याचे चार थेंब टाका. गोळे होऊन उभे राहिले तर तेल अजून आत आहे. पसरून फरशी गडद झाली तर काम झालं.

धुतलेलं पाणी गटारात ढकलू नका. शहरातली बरीच गटारं जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला. वायपरने ओढून घमेल्यात घ्या. तीन कप्प्यांचा ऑइल ट्रॅप (तेल वर तरंगून पाण्यापासून वेगळं होतं ती टाकी) असला तरी साबणाचं पाणी त्यात सोडू नका, साबणामुळे तेलाचे कण पाण्यात मिसळून राहतात आणि वर तरंगत नाहीत, ट्रॅप असून नसल्यासारखा. जळकं ऑइल आणि ऑइलने भिजलेला भुसा, पुसायच्या चिंध्या हे २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. सेंट्रिंगवाल्याला फळ्यांना लावायला देणं किंवा भट्टीत टाकणं बंद करा. अधिकृत ऑइल घेणाऱ्याचं नाव महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारा. ऑइलच्या कॅनमध्ये पेट्रोल, कूलंट मिसळू नका, मग घेणाराही नाक मुरडतो.

बाकीची द्रवं थोडक्यात. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं आणि गाडीचा रंग उचलतं, लगेच भरपूर पाण्याने पुसा. कूलंट गोड असतं आणि विषारीही, कुत्रं-मांजर चाटायच्या आत उचला. बॅटरीच्या ॲसिडवर मात्र खाण्याचा सोडा, फेस थांबेपर्यंत.

सांडणंच कमी करायचं असेल तर कार्ब्युरेटर काढण्याआधी कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल ड्रेन स्क्रूने बाटलीत घ्या. ऑइल बदलताना खाली काठाचा ट्रे ठेवा, निथळायला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि ड्रेन बोल्टचा वायसर दरवेळी नवा घाला.

फरशीवर इपॉक्सी कोटिंग (रेझिनचा कडक थर) करायचा विचार असेल तर पाऊस संपून फरशी पूर्ण सुकू द्या. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवा. खाली ओल धरली तर कोटिंग सुटणार. एप्रिलमध्ये कोरडं मिळतं, पण उन्हाच्या वेळी कालवलेलं मटेरियल डब्यातच लवकर घट्ट होतं, म्हणून सकाळी लवकर, थोडं थोडं कालवून लावायला सांगा.