वरच्या मजल्याचं भाडं

बाळ, अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी मिळाली. अनगोळच्या घराचा वरचा मजला मागणारी माणसं चांगली वाटतात, पण त्यांच्याकडं एक जर्मन शेफर्ड आणि एक मुधोळ अशी दोन कुत्री आहेत, म्हणून तू अडली आहेस.

जातीचं भय आधी बाजूला ठेव. मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, त्यातही ही दोन नव्हती. आणि ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द केलं. मुधोळ तर आपल्या बेळगावशेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, शिकारीचं कुत्रं. त्याला पळायला लागतं.

इथंच मी चुकलो होतो. वडगावच्या घरात मी असंच एक मुधोळ ठेवू दिलं. नवरा-बायको सकाळी 9 ला बाहेर, संध्याकाळी 7 ला घरी. कुत्रं कुणाला चावलं नाही. पण दिवसभर एकटं कोंडलेलं, दारावर पंजे मारत राहायचं. वडिलांनी करून घेतलेलं सागवानी दार गुडघ्याच्या उंचीपर्यंत सोलून निघालं. भिंतीला भिंत लागून घरं, शेजारच्या म्हातारीला दुपारची झोप नाही. मी लस विचारली, डिपॉझिट ठरवलं, पण दिवसा त्याच्याजवळ कोण असतं एवढंच विचारलं नाही. दार नवं करून घेता आलं. त्या मुक्या जिवाचं मात्र अजून वाईट वाटतं.

म्हणून त्यांच्या आत्ताच्या घरी भर दुपारी जाऊन ये. शेजाऱ्यांशी बोल. रेबीजची लस वेळेवर झाली आहे का, कार्डावर बघ.

मग वहिनी. गेट आणि जिना एकच आहे ना? पावसाळ्यात आपल्याकडं पायऱ्या सुकत नाहीत. वहिनी तुळशीला पाणी घालायला निघालेल्या आणि वरून दोन दांडगी कुत्री धावत आली, तर ती लाडानं अंगावर आली तरी त्या पडतील. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. कुत्र्यांशी त्यांची एकदा गाठ घालून दे, नंतर एकटीला विचार. "तुझी मर्जी" म्हणाल्या तर ते नाहीच समज.

द्यायचं ठरलं तर 11 महिन्यांचा करार कर. जिन्यावर पट्टा, नुकसानीची भरपाई, सगळं त्यात लिहून घे. नाही ठरलं तर त्यांना लटकवू नकोस, त्याच दिवशी फोन कर. कुत्री घेऊन घर शोधणाऱ्यांना फार दारं फिरावी लागतात.

तुझा काका