तिसरा मजला, लहान मुलं आणि टॉर्नेडो: माझी घोडचूक

"टेक्सासात नवीन आहोत, तिसरा मजला, दोन लहान मुलं. टॉर्नेडोचा भोंगा वाजला तर जायचं कुठे?" ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि 20 ऑक्टोबर 2019 ची रात्र आठवली. रविवार होता, दिवाळी आठवड्यावर आलेली, बायको चकल्या पाडत होती. उत्तर डॅलसमधून ईएफ-3 (0 ते 5 अशा तीव्रतेच्या पट्टीवर 3) टॉर्नेडो गेला, वारे ताशी 140 मैल. कुणी दगावलं नाही.

वॉच म्हणजे टॉर्नेडो होण्याची शक्यता आणि वॉर्निंग म्हणजे तो दिसला किंवा रडारवर आला, लगेच आसरा घ्या, हा फरक माहीत असेलच. मी माझी चूक सांगतो. त्याआधी एकदा मध्यरात्री फोनवर अंबर अलर्ट (मूल पळवलं गेल्याची सूचना) किंचाळला, धाकटा दचकून उठला आणि तासभर रडला. वैतागून मी सगळेच सरकारी अलर्ट बंद करून टाकले. अंबरचं बटण वेगळं, इमर्जन्सीचं वेगळं, एवढं बघायचेही कष्ट घेतले नाहीत! त्या रात्री फोन शेजारी मुकाट पडून. भोंगाही ऐकू आला नाही. तो मुळात उघड्यावरच्या लोकांसाठी असतो, घरात त्याच्यावर विसंबू नका.

तळमजल्यावरच्या तेलुगू शेजाऱ्याने वर येऊन दार बडवलं, म्हणून कळलं. त्यांच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये आम्ही 8 जण कोंबून बसलो. बायकोने शेगडी आठवणीने बंद केली होती, पण सोऱ्या हातातच! मुलं अनवाणी, आणि बाहेर जिन्यात काचांचा सडा. तेव्हापासून बुटांची पिशवी दाराशीच असते.

राग मात्र अपार्टमेंटच्या ऑफिसवर. करार करतानाच विचारलं होतं, अशा वेळी कुठे जायचं? "कायदेशीर कारणांमुळे सांगता येत नाही." क्लबहाउसमध्ये मधोमध बिनखिडक्यांची खोली आहे, तिला रात्री कुलूप. भाड्याला एक दिवस उशीर झाला की मात्र दंडाची चिठ्ठी लगेच दारावर.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: ऑफिसच्या नादी न लागता याच आठवड्यात फराळाचा डबा घेऊन तळमजल्यावर ओळख काढा. मी हवामानतज्ज्ञ नाही, तुमच्या इमारतीची रचनाही वेगळी असेल. पण 'खिडक्या उघडल्या की दाब कमी होतो' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. गाडीत असाल तर पुलाखाली थांबू नका, 1999 साली ओक्लाहोमात तसं करणारी माणसं गेली आहेत.

आणि मुलांची सायकलची हेल्मेटं बुटांच्याच पिशवीत ठेवा. आमचा धाकटा त्याला 'बाथरूमची टोपी' म्हणतो.